एकतीस दिवसांनी म्हातारा

शेषराव म्हातारा झाला तो हिंगोलीच्या स्टेशनासमोरच्या हॉटेलात, भर दुपारी, अर्धा चहा पिऊन झाल्यावर. तवर तो चांगला तरणा होता. नुकताच बी.एस्सी. पास झालेला, एक साल टायफॉईडनं खाल्लेलं अन् एक साल रसायनशास्त्रानं, पण पास म्हणजे पास. सन चौऱ्याहत्तरचा जून महिना. हॉटेलात पेपर एक अन् वाचणारे सात, त्यामुळं ज्याला जे पान मिळंल ते त्यानं वाचायचं. शेषाच्या वाट्याला आलं जाहिरातीचं पान.

हवाई दलाला वैमानिक पाहिजेत. पदवीधर पाहिजे. शेषानं मान हलवली. लग्न झालेलं नको. त्यानं परत मान हलवली. डोळे चांगले पाहिजेत. आता कयाधू नदीच्या पल्याड बाभळीवर बसलेला होला नर हाय का मादी हे आपल्याला अल्याडून दिसतं, असं शेषा सांगायचा, अन् पलीकडं जाऊन बघायची कोणाला गरज पडली न्हाई. पाय लांब, हात लांब, छाती बराबर. एकेक अट वाचून तो अशी मान डोलावत होता जशी काही पोरगी पसंत करून राहिला. अन् शेवटची ओळ: उमेदवाराचा जन्म दोन जुलै एकोणीसशे एक्कावन्नच्या आधीचा नसावा, म्हणजे तेवीस पुरं झालेला गडी चालणार न्हाई.

शेषाच्या दाखल्यावर तारीख होती एक जून एक्कावन्न.

एकतीस दिवस. आता विचार करा. चार-पाच सालानं हुकलं तर माणूस गप बसतो, नशिबाला दोन शिव्या देतो अन् चहा संपवतो. पण एकतीस दिवस म्हणजे गाडी फलाटाला उभी हाय, दार आतून लावलेलं हाय अन् आतला माणूस आपल्याकडं बघत शेंगा खाऊन राहिला. शेषानं चहा तसाच ठेवला. पान मात्र घडी करून खिशात घातलं, तर हॉटेलवाला ओरडला, "ओ बी.एस्सी., ते पान ठेवा, त्याच्या मागं सिनेमा हाय."

विमानाचं वेड त्याला कसं लागलं ते मी सांगत बसत न्हाई. एवढंच सांगतो, की शेषा शाळेत असताना एका साली कनेरगाव नाक्याकडं कपाशीवर फवारा मारायला विमान आलं होतं. अर्धा तालुका बघायला गेला. बाकीच्यांनी पंख बघितले, शेपूट बघितलं, धूर बघितला. ते विमान इतकं खालून गेलं की शेषाला आतल्या माणसाचं कोपर दिसलं. खिडकीवर टेकवलेलं, एसटीचा डायवर टेकवतो तसं. माणूस आभाळात इतका निवांत बसू शकतो हे शेषाला सहनच झालं न्हाई. त्या दिवसापासून तो जमिनीवर जरा पाव्हण्यासारखाच राहत होता, जेवायचा, झोपायचा, परीक्षा द्यायचा, पण पाव्हण्यासारखा.

तर असा म्हातारा होऊन तो घरी आला. माय, म्हणजे रुक्माबाई, ओट्यावर जवारी निवडत होती.

"माय, मी कवा झालो?"

"आता काहून? बावीस सालात तर इचारलं न्हाई."

"सांग ना."

"पोळ्याच्या तिसऱ्या दिवशी. तवा आपल्यात पोळा करायचे."

"साल कोणतं?"

"साल मला काय ठावं. पण पहिलं मत टाकाया गेले तवा तू पोटात व्हता. तिथं मला ओकारी आली, तर थो बोटाला शाई लावणारा मला म्हणला, बाई, पोटातल्याचं मत येगळं पडत न्हाई बरं. मी म्हणलं, बाबा, ह्याच्या बापाचं तरी धड पडू दे."

शेषा उभ्याचा खाली बसला. पहिलं मतदान म्हणजे बावन्न सालचं. मतदान झालं थंडीत, पोळा आला श्रावणाच्या शेवटाला. त्यानं पळत जाऊन कुठून तरी जुनं पंचांग पैदा केलं, बोटं मोजून हिशोब केला अन् निघालं ते असं: तेवीस ऑगस्ट बावन्न. म्हणजे एकतीस दिवसांनी म्हातारा झालेला माणूस जवळजवळ पंधरा महिन्यांनी लहान निघाला. एवढी खुशी त्याला पास झाल्याचीही झाली नव्हती.

आता एक जूनची भानगड सांगतो. आमच्या गल्लीत घरं सव्वीस, अन् त्यातली एकोणीस घरं एक जूनला जन्मलेली. बाकीचे अकरा महिने आमच्याकडच्या बाया काय करत होत्या, असं परमुलखातल्या माणसाला वाटंल. गोष्ट साधी हाय. जून म्हणजे शाळा उघडायचा महिना. बाप पोराला खांद्यावर टाकून शाळेत न्यायचा. गुरुजी म्हणायचे, उजवा हात डोक्यावरून घे अन् डावा कान धर. कान हाताला लागला की पोरगं सहा सालाचं. न्हाई लागला तर पुढच्या साली आण. वय ठरलं की तारीख टाकायची एक जून, म्हणजे हिशोबाला सोपी. शेषाचे हात जन्मापासून लांब. पाच साल पुरं व्हायच्या आधीच त्यानं डोक्यावरून हात नेऊन कान तर धरलाच, वर मान खाजवली. गुरुजी खूश. तिथंच शेषाचं वय सव्वा सालानं वाढलं अन् कोणाला आवाजही आला न्हाई.

बातमी गल्लीत फिरायला शेषानं ओटा उतरायची गरज पडली न्हाई. पहिले आले मोहनसिंग. हे रिटायर फौजी, मूळचे तांड्यावरचे, फौजेतून आल्यावर आमच्या गल्लीत घर घेऊन राहिलेले. फौजेत ते नेमके काय होते हे त्यांनी कधी उघड सांगितलं न्हाई, पण किती माणसाला किती डाळ लागती हे त्यांना पाचशे माणसांपर्यंत तोंडपाठ होतं.

"तारीख का तू देख, ट्रेनिंग माझ्याकडं," मोहनसिंग म्हणाले. "इमानात माणसाला चक्कर येती. चक्कर आली की इमान खाली. पहिले चक्करची आदत पाडाव लागंल."

आदत पाडायला त्यांनी जागा निवडली शेजारच्या भागूबाईचा लिंब. लिंबाला दोरखंड, दोरखंडाला पोत्याचा झोका, झोक्यात बी.एस्सी. झालेला शेषा. मोहनसिंगांनी झोक्याला साठ पीळ दिले, मोजून, फौजी आवाजात, अन् सोडून दिलं. शेषा आधी एका अंगानं फिरला, दोर उलगडून परत पीळ पडला तवा दुसऱ्या अंगानं फिरला, परत इकडून, परत तिकडून. गल्लीतली लेकरं टाळ्या वाजवून राहिली. झोका थांबला तवा शेषा उठला, चार पावलं सरळ चालला, मोहनसिंग म्हणाले, "शाबास," अन् शेषा भागूबाईच्या खाटेवर वाळत घातलेल्या कुरडयांवर भडभडून ओकला.

भागूबाई दारात उभी होती. ती ओरडली न्हाई, तेच वाईट. ती शांतपणे म्हणाली, "शेषा, बाबा, तू वरून जाशील तवा आधी सांगत जा. आमी वाळवण आत घेत जाऊ."

पण मनानं ती वाईट न्हाई. चार दिवसांनी तीच येऊन म्हणाली की साक्षीदार लागला तर मला ने, तू झाला तवा मी तिथंच होते. रुक्माबाई म्हणाली, "बाई, तू तवा लगीन होऊन आली बी नव्हती." भागूबाई म्हणाली, "साक्षीला काय होतंय."

जाहिरातीतली शेवटची तारीख होती पंधरा जुलै. फॉर्म आला, शेषानं तो मोत्यासारख्या अक्षरात भरला, फक्त जन्मतारखेचा चौकोन सोडून. त्या चौकोनाला कागद लागणार होता. कोणी म्हणलं गुरुजींचं पत्र आण, कोणी म्हणलं कचेरीतून दाखला काढ. शेषानं दोन्ही करायचं ठरवलं, अन् पहिले गेला कळमनुरीला, कारण ज्यांनी त्याचा कान बघून वय ठरवलं ते सोनपेठकर गुरुजी रिटायर होऊन तिथं राहत होते.

दिवस बाजाराचा. गुरुजी मिरचीच्या ढिगापाशी पारखी नजरेनं मिरची वाकवून बघत होते. शेषानं पाया पडून सगळं सांगितलं. गुरुजींनी ऐकून घेतलं, अन् त्यांचा चेहरा पडला.

"म्हणजे मी चुकलो म्हणतोस?"

"तसं न्हाई गुरुजी, पण..."

"छत्तीस वर्षं मी कान बघून वय सांगितलं. एकदा उजवा हात घे डोक्यावरून."

"गुरुजी, बाजारात?"

"घे."

अन् शेषानं, विद्यापीठाच्या पदवीधरानं, भर बाजारात, मिरचीवाली, गूळवाला अन् एक बैल बघत असताना, उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरला. हात कानाखाली पार खांद्यापर्यंत गेला. गुरुजी मिरचीवालीला म्हणाले, "बघा बाई, हा हात पाच वर्षांच्या पोराचा वाटतो का?" मिरचीवाली म्हणाली, "न्हाई बा, हा तर पुरा बाप्याचा हाय." गुरुजींनी शेषाकडं असं बघितलं की आता बोल.

पत्र त्यांनी दिलं. 'चूक' हा शब्द लिहायला तयार झाले न्हाईत, 'अंदाजे' लिहिलं. निघताना मायेनं पाठीवर हात ठेवून म्हणाले, "तुझी बहीण मिरा तर हुशार. तिला मी कानबिन न बघताच घेतली. मुली कमी पडत होत्या पटावर. मास्तरीण झाली म्हणे?" शेषा म्हणाला, "व्हय, कनेरगाव नाक्याला." अन् पळत एसटी पकडली. गुरुजी काय बोलून गेले इकडं त्याचं ध्यान नव्हतं. त्याच्या हातात पत्र होतं.

मंग कचेरी. जुन्या जन्ममृत्यूच्या वह्या उर्दूत, कारण निजामाच्या राज्यात शिकलेल्या तवाच्या पाटलांना लिहिता येत होतं ते उर्दूच. अन् त्या वाचता येणारा माणूस आख्ख्या कचेरीत एकच, रेकॉर्डचे काझीसाहेब. पांढरी दाढी, नाकावर घसरलेला चष्मा, अन् वही अशी धरायचे जशी निजलेली नात उचलून घेतली. शेषानं बापाच्या गावाचं नाव सांगितलं. काझीसाहेबांनी तीन दिवस त्या गावची वही वाचली. कोण जन्मलं, कोण मेलं, कोणाला देवी आल्या, सगळं निघालं. शेषा निघाला न्हाई.

चौथ्या दिवशी काझीसाहेबांनी चष्मा वर केला. "पहिली औलाद हाय का तू?"

"व्हय."

"तो मियाँ, पहिलं लेकरू बाप के गाँव में होता है क्या? नानी के घर होता है. पढ़े-लिखे आदमी हो."

शेषाला रसायनशास्त्रात नापास झाल्यावर वाटलं नव्हतं इतकं लहान वाटलं. पहिलं बाळंतपण माहेरी, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मायचं माहेर जवळा बाजार गावाच्या तीन कोस आत. ती वही निघाली दुसऱ्या कपाटाच्या तळातून, कडा वाळवीनं कुरतडलेली, पण मधलं पान साबूत. काझीसाहेबांचं बोट उजवीकडून डावीकडं सरकत गेलं अन् थांबलं.

"रुक्मा, जौजे सटवा, यानी सटवा की बीवी. लड़का. तेईस अगस्त बावन."

शेषाला ती अक्षरं वाचता येत नव्हती, तरी तो वाकून बघत राहिला. त्याला वाटलं, ह्या एका ओळीत आपण अजून लहान हाय. इथं कोणी आपला कान धरायला लावला न्हाई, इथं कोणतंही दार लागलेलं न्हाई.

"अजून एकदा वाचता का, चाचा?"

"तीन बार पढ़ चुका, बेटा. चौथी बार भी लड़काच निकलेगा." पण वाचलं त्यांनी.

आता काम झालंच होतं. नक्कल मिळाली, अर्ज करायचा होता, साहेबांनी सुनावणी घेऊन दाखला दिला की फॉर्म पोस्टात. अन् इथं शेषाच्या वडलांनी तोंड घातलं. सटवाजी म्हणजे पोस्टातला माणूस. अठरा साल घरोघर टपाल वाटलं, आता खिडकीला बसतात. कागदाबद्दल त्यांचं स्वतःचं तत्त्वज्ञान होतं.

"पातळ पाकीट मी दाराच्या फटीतून टाकत व्हतो," ते म्हणाले. "जाड असलं की दार वाजवून हातात द्यायचो. जाड कागदाला इज्जत असती. फाईल जाड कर."

शेषाला ते पटलं. उत्साही माणसाला काहीही पटतं. त्यानं घरातली लोखंडी पेटी उपडी केली. गुरुजींचं पत्र, वहीची नक्कल, रेशनकार्ड, देवी टोचल्याचा कागद, मॅट्रिकचं सर्टिफिकेट, मायचं प्रतिज्ञापत्र, शेजाऱ्यांच्या सह्या अन् जन्मतारखा असलेलं पत्र, अन् हाताला लागला म्हणून मिराचा शाळेचा दाखलाही. सगळं सुईदोऱ्यानं शिवलं. फाईल अशी जाड झाली की सटवाजींनी ती दोन्ही हातांनी तोलून बघितली अन् म्हणाले, "ही दार वाजवून जाईल."

वाजवलं खरं. कचेरीतल्या अव्वल कारकुनानं ती फाईल पहिल्या पानापासून वाचली. जाड दिसली म्हणून वाचली. बाकीच्या अर्जांवर तो नुसता शिक्का मारायचा. तो पानं उलटत गेला, उलटत गेला, अन् मिराच्या दाखल्यावर येऊन थांबला.

"ही मिराबाई कोण?"

"बहीण. धाकटी."

"धाकटी?" त्यानं दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. "हिचा जन्म एक जून बावन्न. तुमी म्हणता तुमचा तेवीस ऑगस्ट बावन्न. मंग धाकटे तुमी झाले की. अन् दोन लेकरांत अंतर त्र्याऐंशी दिवस."

शेषानं दोन्ही कागद आपल्याकडं ओढून परत वाचले.

"म्हणजे दोघांपैकी एकाची तारीख खोटी हाय," कारकून म्हणाला, काही रागानं न्हाई, कोडं सुटल्यावर माणूस बोलतो तसं. "तुमची खरी धरली तर बाईंची दुरुस्त करावी लागंल. नोकरीत हायेत का? मास्तरीण? कधी लागल्या? एकाहत्तरला? मंग परभणीला, जिल्हा परिषदेला लिहावं लागंल. तवा त्यांना अठरा पुरं होतं का, हे बघतील ते." मंग त्यानं शेजाऱ्यांच्या सह्यांचं पत्र उचललं. "अन् हे बघा, साक्षीदार चौदा, त्यातले अकरा एक जूनचे. हे तर साहेबांना दाखवलंच पाहिजे. सुनावणी आठ जुलैला."

शेषा घरी चालत आला. घर अर्ध्या कोसावर, पण त्याला तास लागला. मिरा खरी झाली होती चोपन्नच्या माघात. पटावर मुली कमी म्हणून गुरुजींनी तिला चार सालाचीच घेतली, तारीख टाकली एक जून बावन्न. एकाहत्तरला नोकरी लागली तवा तिला खरे साडेसतरा. अकलेनं तो हिशोब एका पावलात झाला, पण तो त्याला पुन्हा पुन्हा करावासा वाटत होता, कुठं तरी चुकंल म्हणून.

अकरा एक जूनवाल्यांची गोष्ट मात्र त्याच्या आधी गल्लीत पोचली होती. भागूबाईचे मालक पुंजाजी एका शाळेत शिपाई. कागदानं त्यांना रिटायर व्हायला दोन साल बाकी होते. तोंडाकडं बघितलं तर ते मागंच कधीतरी होऊन गेलेले. संध्याकाळी भागूबाई आली. "शेषा, मला साक्षीच्या दिवशी पोटात कळ येणार हाय," ती म्हणाली. "आजपासूनच जराशी येऊन राहिली." मोहनसिंगांनी झोका सोडून नेला. म्हणाले, दोर दुसऱ्या कामाला पाहिजे. ज्या गल्लीनं त्याला आभाळात चढवायला घेतलं होतं तीच आता त्याचा पाय धरून खाली ओढून राहिली, अन् त्यांच्यावर राग तरी कसा धरायचा. शेषाला कळलं की आमची गल्ली म्हणजे एकमेकांच्या अंगावर रेललेली एक रांग हाय. एकानं सरळ उभं राहायचं म्हणलं की बाकीचे पडतात.

रविवारी मिरा आली कनेरगाव नाक्याहून. बारीक अंगाची, काखेत काळी छत्री, हातात घड्याळ. घड्याळ ती आत येताना अन् बाहेर जाताना बघायची, अजून नवीन होतं म्हणून न्हाई, तर तिला शाळेत बराबर अकराला घंटा वाजवायची सवय होती म्हणून. वडलांनी तिला पत्र टाकून सगळं कळवलं होतं. ती जेवली, हात धुतला अन् म्हणाली, "दादा, मी आठ तारखेला येते. सांगते साहेबांना, माझी पण तारीख खोटी हाय."

"येडी झाली का?"

"नोकरी गेली तर दुसरी लागंल. तुला दुसरं वय लागणार न्हाई."

शेषानं विचारलं, "पोरी किती हायेत तुझ्या वर्गात?"

"सत्तावीस. मी गेले तवा नऊ होत्या." तिचा आवाज एकदम वर चढला. "घरोघर जाऊन आणल्या मी. तांड्यावरून आणल्या. नीलाबाई म्हणून एक हाय, थोरल्या पोरीला पाठवतच न्हाई, म्हणती ढोरं कोण राखंल. मी म्हणलं, एक दिवस ती राखंल, एक दिवस मी राखते. खरंच राखली दादा, आयतवारी." अन् मंग तिला आठवलं आपण कशाला आलोय, अन् ती पाणी प्यायला उठली.

आठ जुलैला सगळे कचेरीत. भागूबाईला कळ आलेली, मोहनसिंग परगावी, सटवाजींना खिडकीवरून सुटी न्हाई. उरले शेषा, मिरा, रुक्माबाई, अन् कोपऱ्यात वही मांडीवर घेऊन काझीसाहेब. साहेब माणूस चांगला होता, तरुणच, कपाळाला घाम. त्यांनी फाईल बघितली, दोन कागद बघितले, अन् रुक्माबाईकडं वळले.

"बाई, तुमच्या मुलाचं म्हणणं मानलं तर तुम्हाला त्र्याऐंशी दिवसांत दोन मुलं झाली."

"साहेब, मी बाई हाय, कोंबडी न्हाई."

कारकून हसला, साहेबांनीही तोंडावर रुमाल धरला. "मग यातलं खरं कोणतं?"

"पोरगं पोळ्याच्या तिसऱ्या दिवशी झालं. मी मत टाकलं तवा पोटात व्हतं. बोटाला शाई..."

"साहेब," मिरा उठून उभी राहिली. छत्री दोन्ही हातांत घट्ट. "माझी जन्मतारीख..."

"माझी तारीख बराबर हाय, साहेब," शेषा मोठ्यानं म्हणाला. "एक जून एक्कावन्न."

साहेबांनी पेन खाली ठेवलं.

"मग हा अर्ज?"

"चुकून केला."

"आणि वहीतला हा मुलगा?"

"दुसरा कोणी असंल."

"दुसरा कोण?" रुक्माबाई म्हणाली. "शेषा, दुसरा कोण?"

"मायला आठवत न्हाई, साहेब," शेषा टेबलाकडं बघत म्हणाला. "लई साल झाले. तिचं ध्यान राहत न्हाई आता."

कोपऱ्यात काझीसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, अन् वही हळूच मिटली. साहेबांनी शेषाकडं बघितलं, मंग मिराकडं, तिच्या छत्रीकडं. त्यांना सगळं कळलं असावं. पण कळलेलं लिहायचं का न्हाई हे त्यांच्या हातात होतं, अन् त्यांनी ते लिहिलं न्हाई. "अर्जदारानं अर्ज मागे घेतला," एवढंच कारकुनाला सांगितलं. "सही करा." शेषानं बसल्या जागेवरून हात लांब करून सही केली. उठावं लागलं न्हाई.

बाहेर आल्यावर मिरानं छत्री त्याच्या पाठीत घातली, चांगली जोरात.

"गाढव हाय तू."

"असू दे. तुझ्यापेक्षा थोरलं गाढव हाय. कागदावर बी."

ती हसली न्हाई. तिनं घड्याळ बघितलं, कारण दुसरीकडं कुठं बघता येईना. साडेबाराची एसटी होती, अर्धी शाळा अजून मिळाली असती. ती गेली, अन् वळून बघितलं ते एकदम रस्त्याच्या वळणावर जाऊन.

रुक्माबाई पुढं चालत होती. पदर घट्ट आवळून, भराभर. शेषाचे पाय एवढे लांब, पण त्याला ती गाठता येईना. दोन दुकानं गेली, गिरणी गेली. मंग ती एकदम थांबली.

"मला आठवत न्हाई म्हणला."

"माय, तसं म्हणलं न्हाई तर..."

"मला ठावं हाय काहून म्हणला. येडी न्हाई मी. जनकाबाई सुईण व्हती, कंदिलाची काच फुटली व्हती, तू पायाकडून आला. समदं आठवतं मला." तिचा श्वास लागला होता. "म्हण आता."

"काय म्हणू?"

"कवा झाला ते. मी ऐकून राहिले."

रस्त्यावर माणसं होती. एक हातगाडीवाला तर थांबूनच बघत होता. शेषा म्हणाला, "पोळ्याच्या तिसऱ्या दिवशी."

"साल?"

"बावन्न."

"मंग तेवीस कवा पुरं होतंय?"

शेषानं हिशोब केला. बोटं लागली न्हाईत, तो हिशोब त्याला झोपेतही येत होता. "पुढल्या साली. तेरा महिने अन् पंधरा दिवस हायेत."

"मंग तोवर तुझं वय हाय."

"कागदावर न्हाई ना, माय."

"कागदाला म्या जन्म दिला का?"

शेषाच्या वरच्या खिशात फॉर्म होता, मोत्यासारख्या अक्षरातला, एक चौकोन कोरा. त्यानं त्याला हात लावला न्हाई.

"हायेत का न्हाई तेरा महिने?"

"हायेत," तो म्हणाला. "पण काय करू मी त्यांचं?"

"मला काय ठावं," रुक्माबाई म्हणाली, अन् पदर सैल करून चालू लागली. "तुझे हायेत."

शेषा तिच्या मागून निघाला. घर जवळच होतं, पण तो हळू चालला.